सर्व्हिस लिफ्टसमोरची अकरा मिनिटे

गेल्या जुलैमधल्या एका बुधवारी रात्री ९ वाजून १२ मिनिटांनी मी जेवणाची ऑर्डर घेऊन ठाण्यातल्या घोडबंदर रस्त्यावर मानपाड्याच्या पुढच्या एका गृहसंकुलाच्या फाटकाशी स्कूटर लावली. बॅगेत दोन ज्वारीच्या भाकऱ्या, पिठले, ठेचा आणि दह्याची वाटी होती. पाऊस नुकताच थांबला होता आणि रेनकोटच्या बाहीतून पाणी ठिबकत होते. वॉचमनकाकांनी टॅबवर फ्लॅटचा क्रमांक टाकला. वरून होकार येईना म्हणून त्यांनी इंटरकॉम लावला. तोही कोणी उचलेना म्हणून मी ग्राहकाला फोन केला आणि तिसऱ्या वेळी तो लागला. लॉबीत पोहोचलो तेव्हा समोर चार लिफ्ट होत्या. तीन तळमजल्यावरच उभ्या होत्या आणि चौथीच्या दारावर ‘सर्व्हिस’ अशी पट्टी होती. डिलिव्हरीवाल्यांनी, घरकामाला येणाऱ्या बायकांनी आणि सामान नेणाऱ्यांनी ही चौथीच लिफ्ट वापरायची, असा तिथला नियम आहे. त्या रात्री कोणीतरी घर बदलत होते, कपाटाचे सुटे भाग खाली आणायचे होते, आणि दारावरचा आकडा २२ वरून हलत नव्हता.

मी अकरा मिनिटे तिथे उभा होतो. तेवढ्या वेळात फोनवर दोनदा सूचना आली की ऑर्डरला उशीर होत आहे. चोविसाव्या मजल्यावर एका आजींनी दार उघडले. त्यांनी पिशवी हातात घेतली, डब्याला तळहात लावून पाहिला आणि म्हणाल्या, “अरे बाळा, तू खाली आल्याचं फोनवर केव्हापासून दाखवतंय. कुठे राहिला होतास?” मी लिफ्टचे सांगितले. आजी दारातून पुढे वाकून त्या तीन लिफ्टच्या बंद दारांकडे बघत राहिल्या. “तुम्हाला त्या वापरू देत नाहीत, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही,” असे म्हणून त्यांनी आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला आणि मी पाणी पिईपर्यंत त्या दारातच थांबल्या.

त्या रात्री घरी आल्यावर मी डायरीत लिहिले: ‘पोहोच ९.१२. फाटक ४. लिफ्ट ११. दार ९.२९.’

ही नोंद ठेवण्याची सवय मला वागळे इस्टेटने लावली. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ रोजी झाली, आणि वागळे इस्टेट ही त्याच्या सर्वांत जुन्या वसाहतींपैकी एक. माझे वडील जुन्नर तालुक्यातून ठाण्यात आले ते तिथल्याच एका कारखान्यात कामाला लागले, आणि पुढे मीही पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका कारखान्यात आठ वर्षे काढली. तिथे प्रत्येक यंत्राशेजारी दोरीने बांधलेले एक रजिस्टर असे. यंत्र थांबले की किती वाजता थांबले, का थांबले आणि किती वाजता सुरू झाले, हे पाळीवरच्या माणसाने लिहायचे. वीज गेली, पट्टा तुटला, खळ संपली, कागदाचा रोल आला नाही, असे कारण एका शब्दात लिहायचे आणि पुढे मिनिटे मांडायची. महिन्याच्या शेवटी मालक ते रजिस्टर स्वतः वाचत, कारण यंत्र थांबले की नुकसान त्यांचे होत असे. आमचा पगार त्या मिनिटांतही चालूच असे. यंत्र बंद पडल्याबद्दल कोणी आमच्या हजेरीतून वेळ कापली नाही. २०२१ मध्ये तो कारखाना बंद झाला. काही महिने इकडे-तिकडे काम शोधले, आणि नंतर घरची स्कूटर, लायसन्स आणि फोन एवढ्या भांडवलावर मी जेवण पोहोचवण्याच्या ॲपवर नाव नोंदवले. तेव्हापासून ठाण्यातच, माजिवडा ते कासारवडवली आणि अधूनमधून नौपाडा, या पट्ट्यात मी रायडर म्हणून काम करतो.

रस्त्याबद्दल पुष्कळ लिहिले जाते आणि ते खरेच आहे. घोडबंदर रस्त्यावर बंदराकडून गुजरातकडे जाणारे कंटेनर, कित्येक वर्षे चाललेले मेट्रोचे काम आणि पावसाळ्यातले खड्डे यांतून दुचाकी काढणे जिवावरचे असते. परंतु माझ्या डायरीने मला वेगळेच दाखवले, आणि मला त्याबद्दलच लिहायचे आहे.

जुलै २०२५ मधले २२ दिवस मी कारखान्यातल्या रजिस्टरसारखी नोंद ठेवली. सरासरी काढली तेव्हा दिवसाला १० तास लॉगइन आणि १७ ऑर्डरी निघाल्या. त्या १० तासांपैकी चाक फिरत होते ते ५ तास ६ मिनिटे. रेस्टॉरंटच्या काउंटरपाशी १ तास ५९ मिनिटे गेली. फाटक, लॉबी, लिफ्ट आणि दार यांत १ तास २५ मिनिटे गेली. ऑर्डर येण्याची वाट पाहत रस्त्याच्या कडेला दीड तास गेला. म्हणजे दिवसातील ४ तास ५४ मिनिटे मी थांबलेलो होतो. हा एका माणसाचा, एका महिन्याचा आणि एका पट्ट्याचा हिशेब आहे, पावसाळ्याचा आहे, आणि तो साऱ्या रायडरांना लागू पडतो असा माझा दावा नाही. परंतु ज्या ज्या सहकाऱ्याला मी ही पाने दाखवली त्याने मान डोलावली, आणि एकाने विचारले, “दादा, लिफ्टचे एवढेच कसे?”

ऑर्डरचा दर ठरतो तो मुख्यतः अंतरावर. रेस्टॉरंटपर्यंत किती किलोमीटर, तिथून ग्राहकापर्यंत किती किलोमीटर, वर पावसाचे किंवा गर्दीच्या वेळेचे काही रुपये, आणि दिवसाच्या ठरलेल्या ऑर्डरी पूर्ण केल्या तर इन्सेन्टिव्ह. चाक फिरते तेव्हा मला मोबदला मिळतो आणि पेट्रोलही त्यातूनच जाते; चाक थांबते तेव्हा दोन्ही थांबतात, परंतु माझा दिवस मात्र थांबत नाही. कारखान्यात यंत्र थांबण्याची झळ मालकाला लागत असे म्हणून थांबण्याचे प्रत्येक कारण शोधले जात असे. इथे यंत्र म्हणजे मी, माझी स्कूटर आणि माझा फोन, आणि थांबण्याची झळ माझ्या घरापर्यंतच पोहोचते. त्यामुळे ते थांबणे कमी व्हावे असे वाटणारा मी एकटाच उरतो.

ही मिनिटे कोणाला ठाऊक नाहीत असेही नाही. एका ऑर्डरमध्ये मी फोनवर चार वेळा बटण दाबतो: रेस्टॉरंटला पोहोचलो, ऑर्डर उचलली, ग्राहकाकडे पोहोचलो, ऑर्डर दिली. त्या चारही वेळा सेकंदासह नोंदल्या जातात, शिवाय मी कुठे आहे हे फोन सतत कळवत असतोच. माझी डायरी कंपनीकडे माझ्याआधीच लिहिलेली आहे, आणि माझ्यापेक्षा कितीतरी अचूक. तिच्या आधारे ग्राहकाला ‘७ मिनिटांत पोहोचेल’ असे सांगितले जाते आणि पुढची ऑर्डर कोणाला द्यायची हे ठरते. दर आठवड्याला माझ्या फोनवर जो हिशेब येतो, त्यात ऑर्डरींची संख्या असते, किलोमीटर असतात, इन्सेन्टिव्ह असते, कपात असते. ही मिनिटे त्यात नसतात. मोजलेले आहे आणि धरलेले नाही, ही गोष्ट मला अगदी मोजलेच नसते त्यापेक्षाही जास्त सलते.

काउंटरवरचे थांबणे आधी सांगतो. मी ज्या कंपनीसाठी काम करतो तिच्या नियमानुसार रेस्टॉरंटमध्ये ठरावीक मिनिटांहून अधिक थांबावे लागले तर थोडी रक्कम मिळते. परंतु काउंटरवरच्या माणसाने ‘ऑर्डर तयार’ हे बटण दाबले की ते घड्याळ थांबते, मग जेवण प्रत्यक्षात कढईत असले तरी. ते बटण लवकर का दाबले जाते, हे मला कळायला वर्ष लागले. उशीर स्वयंपाकघराच्या नावावर पडला तर त्या रेस्टॉरंटचे ॲपवरचे स्थान घसरते, म्हणून गर्दीच्या वेळी काउंटरवरचा मुलगा आधी बटण दाबतो आणि मग आत ओरडून विचारतो. त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याच्यासमोर तीन कंपन्यांचे तीन टॅब वाजत असतात आणि मालक पाठीशी उभा असतो. मात्र त्या एका बटणाने स्वयंपाकघराची दहा मिनिटे माझ्या नावावर येतात. सपोर्टला चॅट करून कळवले तर ‘आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ असे उत्तर येते आणि चॅट बंद होते. गोखले रोडसारख्या ठिकाणी यात आणखी एक भीती असते. जेवण तयार व्हायला वेळ लागतो, स्कूटर रस्त्यावर चुकीच्या बाजूला उभी असते, आणि वाहने उचलणारी गाडी आली तर दिवसभराची कमाई दंडात जाते. म्हणून आम्ही काउंटरवर उभे असतानाही अर्धे लक्ष रस्त्याकडे ठेवतो, आणि दोघे-तिघे असलो तर एक जण बाहेर गाड्यांपाशी थांबतो.

घंटाळीच्या बाजूला एक लहान खाणावळ आहे. थालीपीठ, मसालेभात, गुरुवारी आणि चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी एवढाच तिथला कारभार. तिथल्या काकू थालीपीठ ऑर्डर आल्यावरच थापायला घेतात, त्यामुळे तिथे बारा ते पंधरा मिनिटे हमखास जातात. तरीही त्या खाणावळीची ऑर्डर मी कधी नाकारली नाही. पायरी चढताच काकू म्हणतात, “पंधरा मिनिटं लागतील बघ, खोटं नाही सांगणार. तोवर बस.” दाराशी एक जुने लाकडी बाकडे आहे, वर पंखा आहे, शेजारी पाण्याचा माठ आहे. मी हेल्मेट मांडीवर ठेवून बसतो आणि तव्यावर फडके दाबून थालीपीठ लावण्याचा आवाज ऐकतो. काकू ‘तयार’चे बटण पिशवीला गाठ मारल्यावरच दाबतात, पिठाचे बोट लागून टॅबची काच खराब होऊ नये म्हणून त्या आधी पदराला हात पुसतात. डायरीत त्या खाणावळीपुढे मिनिटांचा आकडा मोठाच आहे, पण दिवसभरात पाठ टेकायला मिळालेली ती एकच जागा असे.

माझे धाकटे चुलते डबेवाले होते. मुंबईतली डब्यांची व्यवस्था १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी सुरू केल्याचे सांगतात, आणि तेव्हापासून मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांतली माणसे पिढ्यान्‌पिढ्या त्यात आहेत. मी हे काम सुरू केले तेव्हा चुलत्यांनी पहिला प्रश्न विचारला तो पैशांचा नव्हता. “घरवाल्यांनी डबा तयार ठेवला नसला तर तू काय करतोस?” असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, थांबतो. त्यांना ते पटेना. त्यांच्या कामात डबा दाराशी भरून ठेवलेला असायचा. नसला तर ते पुढच्या घरी निघून जात. त्यांची ठरलेली लोकल चुकली तर केवळ एका घराचा डबा राहत नसे, तर पुढच्या स्थानकावर डबे वेगळे करणाऱ्या सगळ्यांची साखळी खोळंबत असे. घरातल्या बाईलाही हे ठाऊक असे, म्हणून ती घड्याळ बघून पोळ्या लाटायची. वाहून नेणाऱ्याचा वेळ हा त्या सबंध व्यवस्थेचा कणा होता, आणि बाकीच्यांनी आपापली कामे त्याला जुळवून घेतली होती. आमच्या व्यवस्थेत स्वयंपाकघराला वेळ आहे, फाटकाला वेळ आहे, लिफ्टला वेळ आहे, ग्राहकाच्या फोनलाही वेळ आहे, आणि त्या सर्वांच्या वेळा जिथे जिथे जुळत नाहीत तिथे तिथे भर म्हणून रायडरचा वेळ घातला जातो.

आता फाटक आणि लिफ्ट. डायरी पाहण्याआधी माझी समजूत अशी होती की नौपाड्यातल्या जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारती सर्वांत त्रासदायक असतात, कारण तिथे तीन-तीन जिने चढावे लागतात. आकड्यांनी ती समजूत खोटी ठरवली. भास्कर कॉलनीत किंवा विष्णुनगरात तिसऱ्या मजल्यावर चढून, ऑर्डर देऊन, खाली येऊन गाडी सुरू करेपर्यंत मला सरासरी तीन मिनिटे लागली. घोडबंदर रस्त्यावरच्या उंच इमारतींत तेवढ्याच कामाला सरासरी आठ मिनिटे लागली, आणि पाय एकही पायरी चढले नाहीत. नौपाड्यात फाटकाशी कोणी अडवत नाही, पाटीवर नावे असतात, तळमजल्यावरचे आजोबा न विचारता सांगतात की ते वरच्या मजल्यावर डावीकडे राहतात. उंच इमारतीत पहिल्या फाटकावर नोंद, मग विंग शोधणे, मग विंगच्या दाराशी दुसरी नोंद, मग लिफ्ट.

सोसायट्यांची बाजूही मी समजून घेतली आहे, कारण वॉचमनकाकांशी माझे बोलणे होत असते. अनोळखी माणूस थेट वर जाऊ नये ही काळजी योग्यच आहे. मीही घरी बायको आणि मुलगी असताना दार बघूनच उघडा असे सांगतो. रस्सा सांडतो, ओल्या रेनकोटने लिफ्टमध्ये चिखल होतो, हेही खरे. परंतु नोंद फाटकावर झाल्यावर, फोन नंबर आणि फोटो घेतल्यावर, लिफ्ट कोणती वापरली याने सुरक्षिततेत काय फरक पडतो हे मला आजवर कोणी समजावून सांगू शकले नाही. हा नियम केला गेला तेव्हा दिवसाला पाच-दहा डिलिव्हरी येत असतील. आता संध्याकाळी आठ ते दहा या वेळेत जेवण, किराणा, औषधे, कुरिअर असे सगळे एकाच दारावर येतात. एका शनिवारी मी त्या सर्व्हिस लिफ्टसमोर माझ्यासह सात जण मोजले, पाच वेगवेगळ्या रंगांचे टी-शर्ट. कोणाच्या हातात आइस्क्रीम होते, कोणाच्या हातात तापाचे औषध. भांडी घासणाऱ्या दोन मावश्या होत्या. त्या म्हणाल्या की आम्ही आता जिन्याने सात मजले उतरून जातो, नाहीतर शेवटची बस चुकते. शेजारच्या तीन लिफ्ट अधूनमधून येत होत्या, एखादा माणूस उतरत होता, आणि दार बंद होत होते.

ग्राहक म्हणून हे वाचणाऱ्यांना एक सांगावेसे वाटते. आपण ऑर्डर दिली आहे हे लक्षात ठेवून फाटकावरची परवानगी आधीच देऊन ठेवता येते. बहुतेक गेट ॲपमध्ये तशी सोय आहे. पत्त्यात विंगचे अक्षर लिहा, आणि फोन जवळ ठेवा. अर्ध्या मिनिटाचे हे काम माझी काही मिनिटे वाचवते, आणि १७ ऑर्डरींत सर्वांनी ते केले तर मी बराच लवकर घरी जाईन. सोसायटीच्या समितीवर असाल तर एकदा संध्याकाळी नऊ वाजता आपल्याच लॉबीत दहा मिनिटे उभे राहून पाहा.

तिसरे थांबणे ऑर्डर नसतानाचे. ते दुपारी तीन ते सहा या वेळेत जास्त असते, आणि ते आम्ही बहुधा कापूरबावडीच्या उड्डाणपुलाखाली काढतो, कारण तिथे ऊन आणि पाऊस दोन्ही लागत नाहीत. बसायला दुभाजकाची कड असते. फोन चार्ज करायला पॉवर बँक असते. स्वच्छतागृह नसते. मला अडचण आली तर मॉल आहे, पेट्रोल पंप आहे, किंवा पुरुष असल्यामुळे कुठेही भागते. आमच्या पट्ट्यात दोन बायका हे काम करतात, आणि त्यांच्यापैकी एकीने मला सांगितले की ती दुपारी बारानंतर पाणी पिणे बंद करते. मूत्रमार्गाच्या संसर्गाने ती जूनमध्ये आठवडाभर घरी होती, आणि त्या आठवड्याचे तिला काहीच मिळाले नाही. चेन्नई महापालिकेने २०२५ मध्ये अण्णा नगरात रायडरांसाठी वातानुकूलित विश्रांतिगृह सुरू केले. बसायला जागा, चार्जिंग, पाणी, स्वच्छतागृह. ठाण्यात उड्डाणपुलांखाली जागा आहेत. वातानुकूलन नको. एक बाकडे, एक नळ आणि कडी लागणारे दार एवढे झाले तरी त्या ताईंना पाणी पिता येईल.

कायद्यात आमचे नाव आले आहे, आणि ते आले याचे मला मनापासून समाधान आहे. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये गिग कामगार (नोकरीऐवजी कामागणिक मोबदला घेणारे) आणि प्लॅटफॉर्म कामगार (ॲपसारख्या व्यवस्थेमार्फत काम करणारे) यांची पहिल्यांदा व्याख्या केली गेली, आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. कंपन्यांनी आपल्या वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के, मात्र आम्हा कामगारांना दिल्या जाणाऱ्या रकमेच्या ५ टक्क्यांपर्यंतच, सामाजिक सुरक्षेच्या निधीसाठी द्यावेत अशी त्यात तरतूद आहे. राजस्थानने २०२३ मध्ये आणि कर्नाटकाने २०२५ मध्ये स्वतःचे कायदे केले. ई-श्रम पोर्टल २६ ऑगस्ट २०२१ रोजी सुरू झाले. माझ्याकडे त्याचे बारा अंकी क्रमांकाचे कार्ड आहे आणि ते मी लायसन्सच्या मागे ठेवतो. निती आयोगाने जून २०२२ च्या अहवालात २०२०-२१ मध्ये देशात ७७ लाख गिग कामगार असल्याचा आणि २०२९-३० पर्यंत ती संख्या २ कोटी ३५ लाखांवर जाईल असा अंदाज मांडला होता. इतक्या माणसांना विमा आणि आजारपणात आधार मिळणार असेल तर ते लहान काम नव्हे.

परंतु हे मुख्यतः अपघात, आजारपण आणि म्हातारपण यांबद्दलचे आहे. रोजचा किमान मोबदला किती असावा याबद्दल, आणि थांबण्याच्या मिनिटांबद्दल, त्यात काही नाही. किमान वेतनाचा कायदा कर्मचाऱ्याला लागू होतो आणि आम्हाला कर्मचारी म्हटलेले नाही. आमच्या व्याख्येतच लिहिले आहे की हे काम मालक आणि नोकर या पारंपरिक नात्याबाहेरचे आहे. न्यूयॉर्क शहराने २०२३ मध्ये जेवण पोहोचवणाऱ्यांसाठी ताशी १७.९६ डॉलर असा किमान मोबदला लागू केला. तिथले दर आणि इथले दर यांची तुलना करण्यात अर्थ नाही, परंतु तो दर काढताना त्यांनी प्रवासाच्या वेळेबरोबरच ॲपवर हजर राहून ऑर्डरची वाट पाहण्याचा वेळही हिशेबात घेतला. हे मी वाचले तेव्हा जेवता जेवता बायकोला मोठ्याने वाचून दाखवले. ती म्हणाली, “म्हणजे तुमची डायरी कुणीतरी तिकडे आधीच वाचलीय.” माझे मागणे याच एका मुद्द्याचे आहे: जी मिनिटे नोंदली जातात ती आठवड्याच्या हिशेबात एका ओळीत दाखवली जावीत. मोबदला किती द्यायचा यावर भांडण होईल, ते होऊ द्यावे. ओळ दिसली तर निदान स्वयंपाकघराची मिनिटे कोणती, लिफ्टची कोणती आणि माझी कोणती, हे सर्वांना बसून पाहता येईल.

ते होईपर्यंत माझ्या हातात आहे तेवढे मी केले. नोव्हेंबरमध्ये मी त्या मानपाड्यापुढच्या संकुलाच्या समितीला एक पानी अर्ज लिहिला. संध्याकाळी आठ ते दहा या वेळेत चारपैकी आणखी एक लिफ्ट डिलिव्हरीसाठी आणि घरकामाच्या बायकांसाठी खुली ठेवावी, एवढीच विनंती केली, आणि सोबत त्या इमारतीच्या नोंदी असलेल्या डायरीच्या पानाची प्रत जोडली. खाली आम्हा नऊ रायडरांच्या सह्या आहेत, चार वेगवेगळ्या कंपन्यांच्या. अर्ज कार्यालयात द्यायला गेलो तेव्हा व्यवस्थापक जागेवर नव्हते, वॉचमनकाकांनी तो वाचला, दोनदा वाचला, आणि म्हणाले, “माझी बारा तासांची ड्युटी आहे, भाऊ, आणि मीही वर डबा खायला जातो ना, तेव्हा हीच लिफ्ट.” त्यांनी ड्रॉवरमधून शिक्का काढला, शाईच्या पॅडवर नीट दाबला आणि माझ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख घालून दिली. समितीची बैठक दोनदा पुढे गेली आहे. ती प्रत मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात ठेवली आहे, जिथे पावसाळ्यात रेनकोट असतो.

परवा पुन्हा त्याच इमारतीत ऑर्डर होती, एकोणिसावा मजला. नोंद अशी: ‘पोहोच ८.४६. फाटक १, परवानगी आधीच दिलेली. लिफ्ट ९. दार ८.५७.’